थंडींतील नाव व लिथियमची बॅटरी

आमच्या शाळेंतून पूर्वीं शिकून गेलेला एक विद्यार्थी सध्यां नोकरीनिमित्त कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत राहतो. शाळेची आठवण ठेवून तो वर्षांतून एकदोनदां आम्हांस पत्र पाठवितो. त्याच्या गेल्या पत्रांत एका लहानशा नुकसानीची हकीकत होती व शेवटीं एक प्रश्न होता. त्या प्रश्नाच्या उत्तरांत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें पुष्कळ आहे. म्हणून त्याच्या संमतीनें, परंतु त्याचें नांव न देतां, आम्ही तो येथें विचारास घेत आहों.

हकीकत अशी. त्याच्या घराजवळ एक सरोवर आहे. पैसे शिल्लक टाकून त्यानें एक लहान नाव विकत घेतली, तिला विजेवर चालणारी मोटर बसविली व मोटरीसाठीं लिथियमची बॅटरी घेतली. नावेपेक्षां बॅटरीचीच किंमत अधिक पडली. ऑक्टोबर सरतां सरतां तेथील लोक आपल्या नावा पाण्याबाहेर काढून ठेवतात, कारण पुढें सरोवर गोठतें. ह्यानेंही आपली नाव काढून घरामागील लांकडी खोपटांत ठेवली. सोलापुरांत असतांना घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसंबंधानें वडिलांनीं त्याला एक नियम घालून दिला होता : बॅटरी कधीं उतरूं देऊं नये; वापर नसला तरी अधूनमधून चालवून पुन्हां भरून ठेवावी. ही शिकवण त्यानें इमानानें पाळली. हिंवाळाभर दर रविवारीं तो खोपटांत जाई, बॅटरीवर दिवा लावून ती थोडी उतरवी, व लगेच ती चार्जिंगला लावी. त्या वेळीं पारा शून्याखालीं दहापंधरा अंश असे.

वसंत ऋतूंत बर्फ वितळल्यावर तो आपल्या मुलास घेऊन सरोवरावर गेला. पूर्वीं ज्या बॅटरीवर नाव चार तास चाले, तीच बॅटरी आतां दोन तास पुरे होण्यापूर्वींच संपली. आणि तीही किनारा बराच दूर असतां. वल्हीं बरोबर होतीं म्हणून बापलेक वल्हवीत सुखरूप परत आले. तो लिहितो, "मीं हयगय केली असती तर मला इतकें वाईट वाटलें नसतें. पण मीं बॅटरीची काळजी घेतली, आणि काळजी घेतल्यानेंच ती बिघडली. हें कसें झालें?"

थोडक्यांत उत्तर हें कीं, वडिलांचा नियम खोटा नव्हता. परंतु तो दुसऱ्या जातीच्या बॅटरीचा व दुसऱ्या हवेचा नियम होता. हें नीट समजण्यासाठीं दोन्ही जातींच्या बॅटऱ्यांच्या पोटांत डोकावून पाहिलें पाहिजे.

आपल्या घरोघरीं जी पाणी घालावयाची बॅटरी दिसते, तिच्यांत शिशाच्या पट्ट्या व पाणी मिसळलेलें गंधकाम्ल असतें. फ्रान्समधील प्लान्ते ह्या शास्त्रज्ञानें १८५९ सालीं ती प्रथम तयार केली. ही बॅटरी उतरलेल्या स्थितींत बरेच दिवस पडून राहिली म्हणजे शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे टणक स्फटिक जमतात व ते मग सहजासहजीं निघत नाहींत. थंड देशांत आणखी एक संकट असतें. बॅटरी उतरते तसतसें तिच्यांतील आम्ल पट्ट्यांत शिरतें व मागें बहुतेक पाणीच उरतें. असें पाणचट झालेलें द्रव्य उणें दहा अंशांच्या आसपास गोठतें, फुगतें व बॅटरीचें भांडें फोडतें. उलट, पूर्ण भरलेल्या बॅटरींतील द्रव्य उणें पन्नास अंशांपर्यंतही गोठत नाहीं. तेव्हां शिशाची बॅटरी भरलेली ठेवावी हा नियम सोलापुरांत एका कारणानें खरा आहे, तर कॅनडांत दोन कारणांनीं खरा आहे. आमच्या विद्यार्थ्याजवळ शिशाची बॅटरी असती तर तो चुकला नसता.

परंतु नावेवर शिशाची बॅटरी वाहणें म्हणजे ओझें वाहणें होय. विजेवर नाव चालविण्याची कल्पना आजकालची नाहीं. याकोबी नांवाच्या शास्त्रज्ञानें १८३८ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें नेवा नदींत विजेच्या मोटरीवर नाव चालवून दाखविली होती. त्याच्या घटांत जस्त खर्च होत असे, आणि संपलेला घट विजेनें पुन्हां भरतां येत नसे. पुढें शिशाची बॅटरी आली व ती पुन्हां पुन्हां भरतां येऊं लागली. पण तिच्या वजनानें नाव जड होई. ही अडचण लिथियमनें दूर केली.

लिथियम हा सर्व धातूंत हलका धातु आहे. पाण्याच्या निम्म्यानेंच त्याची घनता असते. १८१७ सालीं स्वीडनच्या आर्फवेडसन ह्यानें एका खनिजांत त्याचा शोध लावला. ह्या धातूचा उपयोग करणारी व पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी जपानांतील सोनी कंपनीनें १९९१ सालीं बाजारांत आणली. आणि तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हल्लीं नावांवर विशेषेंकरून लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी वापरतात. तिच्यासंबंधाचें मूळ संशोधन १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत तें करणाऱ्यांमध्यें गुडइनफ ह्यांच्याबरोबर अक्षय पाढी व नंजुंडस्वामी हे भारतीय संशोधक होते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. तेवढेंच काम देणाऱ्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी वजनांत ही बॅटरी भागते, आणि तिच्यांत पाणी घालावें लागत नाहीं.

आतां तिचें अंतरंग पाहूं. सोलापुरी चादरी दुकानांत घडीवर घडी करून रचलेल्या आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. बॅटरीच्या ऋण बाजूस ग्राफाइट, म्हणजे शिसपेन्सिलींत असणारें कर्ब, असतें. त्याची रचना अशीच थरावर थर असलेली असते. बॅटरी भरतों तेव्हां लिथियमचे विद्युद्भारित कण धन बाजूकडून निघतात, मधल्या द्रवांतून पोहत ऋण बाजूस येतात व ग्राफाइटच्या घड्यांमध्यें शिरून बसतात. बॅटरी वापरतों तेव्हां तेच कण घड्यांतून निघून परत धन बाजूस जातात, व त्याच वेळीं बाहेरच्या तारेंतून वीज वाहून मोटर फिरवितें. दोन्ही बाजूंच्या मध्यें सच्छिद्र असा एक अत्यंत पातळ पडदा असतो. कण त्यांतून पार होतात. परंतु दोन बाजू एकमेकींस चिकटत नाहींत. बॅटरी भरणें व वापरणें म्हणजे ह्या कणांची ये-जा होय.

थंडींत ह्या ये-जेवर काय परिणाम होतो? हिंवाळ्यांत आपल्या घरीं खोबरेल तेल बाटलींत गोठतें. शेंगदाण्याचें तेल गोठत नाहीं, पण नेहमींपेक्षां दाट होतें. लिथियम बॅटरींतील द्रव शेंगदाण्याच्या तेलासारखा समजावा. शून्य अंशावर तो गोठत नाहीं, मात्र दाट होतो, व त्यांतून पोहणारे कण मंदावतात. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही कीं, ग्राफाइटच्या घडींत शिरण्याची क्रिया थंडीनें फारच मंद होते.

बॅटरी वापरतांना ह्या मंदपणाचा परिणाम एवढाच होतो कीं, तिचा दाब उतरतो व ती कमी काम देते. लोह फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशावर थोडी कमी चालते; उणें वीस अंशांवर तर तिचें काम पुष्कळच घटतें, कित्येक वेळां निम्म्यावर येतें. पण हें नुकसान तात्पुरतें असतें. बॅटरी पुन्हां उबेला आली कीं तिची शक्ति परत येते. म्हणून बहुतेक उत्पादक अशी बॅटरी उणें वीस अंशांपर्यंत वापरण्यास मोकळीक देतात.

भरतांना मात्र प्रकार अगदीं निराळा होतो. आषाढीस पंढरपुरांतील एखाद्या धर्मशाळेचा देखावा डोळ्यांपुढें आणावा. यात्रेकरू एकामागून एक येत आहेत व कारभारी त्यांना खोल्या दाखवीत आहे. येणाऱ्यांचा वेग व आंत सोडण्याचा वेग सारखा असला म्हणजे सर्व सुरळीत चालतें. परंतु कारभारी मंदावला आणि बाहेरचा लोंढा तसाच येत राहिला तर काय होईल? लोक अंगणांतच पथाऱ्या पसरतील. थंड बॅटरी भरतांना नेमकें हेंच होतें. चार्जर बाहेरून वीज ढकलीत असतो व कण येत असतात. पण ग्राफाइटच्या घडींत त्यांना लौकर शिरतां येत नाहीं. मग ते पृष्ठभागावरच साचतात, आणि तेथें त्यांचा शुद्ध लिथियम धातूचा मुलामा चढतो. उलट धर्मशाळेंतून परत जातांना दारांत खोळंबा झाला तर फार तर उशीर होतो, अंगण भरत नाहीं. थंडींत बॅटरी देऊं शकते पण घेऊं शकत नाहीं, ह्याचें मर्म येथें आहे.

हा मुलामा दोन प्रकारें घातक आहे. एक तर त्यांत अडकलेल्या लिथियमपैकीं बराचसा भाग पुन्हां कधींही कामास येत नाहीं. बॅटरीची शक्ति तितकी कायमची कमी होते, आणि ती कितीही उबेंत ठेवली तरी परत मिळत नाहीं. दुसरें असें कीं, मुलामा सारखा न चढतां त्याला कधीं कधीं सुईसारखे कोंभ फुटतात. असा कोंभ मधल्या पातळ पडद्याला भोंक पाडून पलीकडे गेला तर आंतल्या आंत दोन बाजू जोडल्या जाऊन बॅटरी तापते. लोह फॉस्फेटची जात इतर कित्येक लिथियम बॅटऱ्यांपेक्षां शांत स्वभावाची आहे खरी. परंतु तिच्याही ऋण बाजूस ग्राफाइटच असल्यामुळें ती ह्या दोषापासून मुक्त नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें दर रविवारीं जें केलें तें हेंच. बॅटरी थोडी उतरविली ह्यांत कांहीं बिघडलें नाहीं. बिघडलें तें ती गोठलेल्या खोपटांत पुन्हां भरली म्हणून. पहिल्या रविवारीं त्याला कांहींच दिसलें नाहीं, कारण हें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं, त्याचा वास येत नाहीं, व त्या दिवशीं दिवाही पूर्ववत् लागतो. तें आठवड्यामागून आठवडे साचत गेलें व सरोवराच्या मध्यावर एकदम प्रकट झालें.

मग थंड देशांत अशा बॅटऱ्या चालतात तरी कशा? नॉर्वे देशांत सोग्नेफ्योर्ड नांवाच्या समुद्राच्या लांब खाडींत 'अँपिअर' नांवाची मोठी विजेची नाव २०१५ सालापासून चालूं झाली. ती एका खेपेस सुमारें १२० मोटारगाड्या व ३६० माणसें नेऊं शकते, आणि किनाऱ्याला लागली असतां बॅटरी भरून घेते. अशा मोठ्या नावांत बॅटरीची खोली स्वतंत्र असून तिचें तापमान यंत्रानें राखलें जातें. लहान नावांसाठीं बॅटरीच्या पेटींतच ऊब देणारी पट्टी बसविलेली मिळते. चार्जर लावल्याबरोबर आलेली वीज आधीं त्या पट्टीकडे जाते. घट शून्याच्या वर पुरेसे उबले कीं मगच भरण्याची क्रिया सुरू होते. बहुतेक बॅटऱ्यांत देखरेख करणारें एक विद्युत्-मंडल असतें, त्याला बाजारांत बीएमएस म्हणतात. पण प्रत्येक बीएमएस थंडींत चार्जिंग बंद करतेंच असें नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या बॅटरींत तें नव्हतें. विकत घेण्यापूर्वीं हा एक प्रश्न विचारला असता तर त्याचे पैसे वांचते.

सौर पत्रा लावलेल्या नावेंत तर एक फसवा धोका असतो. थंड व निरभ्र सकाळीं सौर पत्रा उलट अधिक जोमानें वीज देतो, कारण थंडीनें त्याची कार्यक्षमता वाढते. म्हणजे बॅटरी रात्रभर गारठून घेण्यास अगदीं अपात्र झालेली असते, त्याच वेळीं मालक घरांत निजलेला असतां पत्रा तिला भरावयास लागतो. तसेंच हवा उबली म्हणून बॅटरी उबली असें समजूं नये. चाळीस-पन्नास पौंडांची वस्तु गरम होण्यास कित्येक तास लागतात. तापमान मोजावें तें बॅटरीचें, खोलींतील हवेचें नव्हे.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. पालक म्हणतील, आमच्या सोलापुरास ह्या थंडीचें काय? गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, पहांटेस आपण चादरी पांघरून कुडकुडतों. पण तेव्हांही पारा दहा अंशांच्या खालीं क्वचितच उतरतो, व शून्यापासून तर तो फार दूर असतो. भीमा नदीवर माढें तालुक्यांत १९८० सालीं पुरें झालेलें उजनी धरण आपणांस परिचित आहे. त्याच्या यशवंतसागर जलाशयावर हिंवाळ्यांत रोहित पक्षी येतात, आणि ते पाहण्यासाठीं लोक होड्यांतून जातात. तेथें कोणी विजेची होडी चालविली तर जानेवारीच्या सकाळींही त्यानें निर्धास्तपणें बॅटरी भरावी. बाहेरदेशच्या माहितीपत्रकांत "थंडींत भरूं नका" असें वाचून उन्हाची वाट पाहत बसण्याचें त्याला कारण नाहीं.

परंतु त्याच होडीवाल्याला मे महिना वैरी आहे. सोलापुरास पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, आणि उन्हांतील पत्र्याच्या पेटींत तर त्याहून पुष्कळ अधिक उष्णता सांठते. लोह फॉस्फेटची बॅटरी साधारणतः ४५ अंशांवर भरूं नये, असें अनेक उत्पादक सांगतात. शिवाय उष्णतेनें आंतील रासायनिक झीज वाढते. आणि बॅटरी पूर्ण भरलेल्या स्थितींत तापत पडली तर ती झीज सर्वांत जलद होते. म्हणजे कॅनडांत जी चूक हिंवाळ्यांत झाली, तिचीच बहीण उजनीवर उन्हाळ्यांत होऊं शकते. तेथें बॅटरी गारठलेली असतां भरली; येथें ती भरून उन्हांत ठेवली जाईल. आपल्यासारख्या उष्ण देशांत विजेच्या नावा चालत नाहींत असें मात्र नाहीं. केरळांत वैकम व तवणक्कडवु ह्यांच्या दरम्यान 'आदित्य' ही ७५ उतारूंची सौर नाव २०१७ सालापासून चालूं झाली, आणि कोची शहराची जल मेट्रो २०२३ सालीं सुरू झाली. कोचीच्या नावांत ग्राफाइटऐवजीं लिथियम टायटेनेट वापरणारी बॅटरी आहे. ती वजनाच्या मानानें वीज कमी सांठविते. पण तिच्यावर धातूचा मुलामा चढण्याची भीति फारच थोडी, म्हणून ती जलद भरतां येते व थंडींतही ग्राफाइटच्या बॅटरीपेक्षां सोशिक असते.

ज्यांचे आप्त थंड मुलुखांत आहेत, किंवा ज्यांचीं मुलें लडाखकडे सैन्यांत नोकरी करतात, त्यांच्यासाठीं व आपल्यासाठींही ह्या विवेचनाचें सार असें देतां येईल. बॅटरी शून्य अंशाखालीं असतां ती वापरावी, परंतु भरूं नये. आधीं तिला उबेच्या जागीं आणून निदान एक रात्र तशीच राहूं द्यावी. थंडींतून उबेंत आणलेल्या वस्तूवर दंव धरतें, तें पुसून कोरडें करावें. हिंवाळाभर ठेवावयाची असल्यास ती अर्धी भरून, सर्व तारा सोडवून, कोरड्या जागीं ठेवावी; लिथियमची बॅटरी पडून फारच हळू उतरते, तिला दर आठवड्यास भरण्याची गरज नसते. थंडींत नाव नेहमींपेक्षां कमी अंतर जाईल हें धरूनच निघावें. उष्ण देशांत तीच बॅटरी सांवलींत, वारा खेळेल अशा ठिकाणीं ठेवावी, व दुपारच्या उन्हांतून आल्याबरोबर भरावयास लावूं नये. आणि देश कोणताही असो, विजेच्या नावेंत वल्हीं व प्रत्येकाच्या अंगावर तरंगतें जाकीट असल्यावांचून पाण्यांत जाऊं नये. बॅटरी संपली तर ती परत भरतां येते.

आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास ह्याच आशयाचें उत्तर लिहिलें आहे. त्यांत आणखी एक गोष्ट लिहिली : तुझ्या वडिलांना दोष देऊं नकोस. त्यांनीं जो नियम दिला, तो त्यांच्या घरच्या बॅटरीवर अनेक वर्षें खरा ठरलेला होता. त्यांनीं तुला नियम दिला, पण त्याचें कारण सांगितलें नाहीं. आणि तूंही तें विचारलें नाहींस. कारण माहीत असलेला मनुष्य दुसऱ्या देशांत गेला तरी तेथील हवा पाहून आपला नियम बदलूं शकतो; ज्याला केवळ नियमच पाठ आहे, तो चुकतो आणि वर आपण काळजी घेतली असें समजतो. वर्गांत एखादें सूत्र फळ्यावर लिहिलें जातें तेव्हां "हें असें कां?" म्हणून हात वर करणारा विद्यार्थी शिक्षकांचा वेळ घेतो, हें खरें आहे. तो वेळ आम्ही आनंदानें देऊं. पालकांनींही घरीं तो द्यावा, अशी आमची विनंति आहे.

पत्राच्या उत्तरीं आमचा विद्यार्थी कळवितो कीं, येत्या हिंवाळ्यांत जुनी बॅटरी तो घरांत, जिन्याखालच्या जागेंत, अर्धी भरून ठेवणार आहे. तिच्यावर आतां दोन तासांहून अधिक भरंवसा ठेवतां येत नाहीं. तेव्हां तो मुलास घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानेंच जातो, आणि वल्हीं कोणीं मारावयाचीं ह्यावरून बापलेकांत रोज भांडण होतें.